तुम्ही विचारलंत म्हणून: टॅक्स वाचवायला पैसे कुठे टाकू?

जानेवारी लागला की ऑफिसात मेल येतो, इन्व्हेस्टमेंट प्रूफ अपलोड करा नाहीतर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून टॅक्स कापला जाईल. मी पेरोलमध्ये आहे हे सोसायटीत आणि नात्यात सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्या दिवसांत लिफ्टमध्ये, हळदीकुंकवात, कुठेही भेटलं की एकच प्रश्न, टॅक्स वाचवायला पैसे कुठे टाकू? म्हणून एकदाच लिहून टाकते.

बहुतेकांना माझं उत्तर आहे, कुठेच टाकू नका. आधी कॅल्क्युलेटर काढा.

टॅक्स मोजायच्या दोन पद्धती म्हणजे रिजीम आहेत, जुनीत गुंतवणुकीच्या वजावटी मिळतात, नवीत दर कमी पण त्या वजावटी जवळजवळ नाहीत. २०२५-२६ साठी नव्या रिजीममध्ये पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) आहे, आणि ते वजा करून उत्पन्न १२ लाखांच्या आत येत असेल तर ८७ए कलमाच्या रिबेटमुळे (टॅक्समधल्या सवलतीमुळे) टॅक्स शून्य. म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत काहीच भरायचं नाही. (शेअर किंवा इक्विटी फंड विकून नफा झाला असेल तर त्या नफ्याच्या टॅक्सला हा रिबेट चालत नाही, ते वेगळं बघा.) तरीही या पगारातली माणसं मार्चमध्ये धावतपळत दीड लाख कुठेतरी अडकवून येतात, कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही.

आता १५ लाखवाले. नव्या रिजीममध्ये ७५ हजार गेले, उरले सव्वाचौदा लाख, त्यावर टॅक्स ९३,७५० आणि ४ टक्के सेस धरून ९७,५००. जुन्या रिजीममध्ये टॅक्स इतकाच यायला हवा असेल तर तिथलं ५० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन सोडून आणखी जवळजवळ साडेपाच लाखांच्या वजावटी दाखवायला लागतात. ८०सीचे (पीपीएफ, विम्याचा हप्ता वगैरे) दीड लाख, होम लोनच्या व्याजाचे २ लाख, एनपीएसचे (सरकारी पेन्शन योजना) जादाचे ५० हजार, मेडिक्लेमचे स्वतःचे २५ आणि सीनियर सिटिझन आईवडिलांचे ५० हजार, सगळं काठोकाठ भरलं तरी पावणेपाच लाखच होतात. भाड्याने राहणाऱ्याचंही तेच. बेसिक (मूळ पगार) ५० हजार, एचआरए (घरभाडे भत्ता) २० हजार, भाडं २२ हजार धरा, तर भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा जाऊन महिन्याला १७ हजारच सूट मिळते, वर्षाचे २ लाख ४ हजार. त्यात २०२५-२६ साठी एचआरएच्या सुटीला बेसिकच्या ५० टक्क्यांची मर्यादा फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला आहे, हिंजवडी-बाणेरची भाडी कुठेही पोचोत, पुण्याला ४० टक्केच. म्हणजे भाडं आणि कर्ज दोन्ही असेल तरच जुनी रिजीम जमते, तसे लोक आहेत, पण थोडे.

भाड्याच्या पावत्यांवरून आठवलं. बारा महिन्यांच्या बारा पावत्या, सगळ्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात, आणि रेव्हेन्यू स्टॅम्प असे की एका शीटमधून फाडलेत हे कडा जुळवून दाखवता येईल. आमच्याकडे असा गठ्ठा दरवर्षी येतो. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन लागतो, आणि मालक म्हणतात पॅन मागायचा असेल तर दुसरी खोली बघा. आईला भाडं देताय? चालतं, पण घर आईच्या नावावर हवं, पैसे खरंच तिच्या खात्यात जायला हवेत, आणि तिने ते रिटर्नमध्ये दाखवायला हवेत, तिलाही त्यावर ३० टक्के सूट मिळतेच.

ऑफिसला एक रिजीम सांगितली म्हणून अडकलात असं नाही. धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरताना बदलता येते, फक्त मुदतीच्या आत भरा, उशीर झाला की जुनी रिजीम गेली.

आता पैशांचं. ज्यांच्याकडे नात्यातल्या कुणाच्या आग्रहाने घेतलेली एन्डोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) आहे त्यांनी ती एकदा कपाटातून काढून वाचा. वर्षाला ५० हजार हप्ता आणि कव्हर ५ लाख, आणि डोक्यावर कर्ज ६० लाखांचं, तर त्या ५ लाखांत घरच्यांनी करायचं काय? टर्म प्लॅन (नुसता विमा) वेगळा घ्या आणि जुनी पॉलिसी पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून, काय मिळतं ते विचारा, काका रागावतील, दिवाळीपर्यंत शांत होतात. मेडिक्लेमला नव्या रिजीममध्ये सूट नाही तरी तो हवाच, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. पीपीएफ बंद करू नका, भरताना वजावट नसली तरी व्याज नव्या रिजीममध्येही टॅक्स-फ्रीच आहे.

आणि होम लोन. "लोन फेडू नको, टॅक्स वाचतो" हा सल्ला ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, जुन्या रिजीमला थोडाफार बरोबर होता. नव्या रिजीममध्ये राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, साडेआठ टक्क्यांचं लोन तुम्हाला पूर्ण साडेआठलाच पडतं, आणि तेवढं बिनजोखीम देणारी एफडी शोधून दाखवा, तीही व्याजावर टॅक्स भरून. बोनस आला की पार्ट पेमेंट करा, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच.

नव्या रिजीममध्ये कामाची एकच वजावट उरलीये, कंपनीकडून एनपीएसमध्ये बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. वरच्या १५ लाखवाल्याचं बेसिक ६ लाख असेल तर ८४ हजार, म्हणजे टॅक्स साधारण १३ हजार कमी. पण ते सीटीसीतूनच (कंपनीने ठरवलेल्या तुमच्या एकूण पॅकेजमधूनच) जातं आणि रिटायरमेंटपर्यंत बहुतेक अडकतं, हातात पगार कमी येईल, घरी विचारूनच एचआरला मेल करा.

आणि हो, फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० का कापला म्हणून मला फोन करू नका, वर्षाचे २,५०० पुरे करायचे असतात.