पत्र्याची तयार मिळत असताना लाकडाची शेड कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी ‘हौस आहे’ म्हणून विषय संपवायची सवय झाली आहे. पत्र्याची शेड तयार मिळते, दिवसभरात उभी राहते, वाळवीची भीती नाही. मग करवत घेऊन सुट्ट्या घालवायचा हा खटाटोप कशासाठी?

अहो, पत्र्याचीच होती आधी. तुम्ही पाहिली आहे. तिच्यात काय झालं, ते मात्र फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

घर बदलताना बहिणीनं तिचं शिवणयंत्र माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवलं. काही महिन्यांनी ती न्यायला आली. प्लास्टिक सोडलं तर आतून थेंब. चाक फिरेना, सुईचा दांडा गंजून जागीच धरलेला. तिनं दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, मग तळवे बघितले. तांबूस झाले होते. “छप्पर गळतं का रे?” एवढंच म्हणाली.

छप्पर गळत नव्हतं. रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, आतल्या हवेतली वाफ त्याला लागली की पाणी होऊन खाली टपकते. जमिनीतली ओल वर येत होतीच. तुमच्यापैकीच काहींनी सुचवल्याप्रमाणे सगळ्या फटी बुजवल्या होत्या, म्हणजे वाफेला बाहेर जायची वाटच बंद. दोष देत नाही. पण पुढच्या वेळी हा प्रश्न विचारताना तेवढं आठवा.

लाकूड पत्र्यासारखं पटकन गार पडत नाही आणि थोडी ओल स्वतः पिऊन पुन्हा सोडतं. मात्र त्यातली ओल कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहिली, तरच ते कुजत नाही. म्हणून आराखड्यात सगळा जीव तळात गेला: तुळया मातीला न टेकवता ठोकळ्यांवर, खालून वारा खेळता, वळचणीखाली दोन्ही बाजूंना जाळी लावलेली फट. ‘नुसतं मोजतच बसलाय’ म्हणून हसलात तेव्हा मी कर्ण मोजत होतो. एका बाजूवर 3 फूट, दुसरीवर 4, तिरकं बरोबर 5 आलं की तो कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण सारखे आले की तळ गुण्यात. तळ तिरका राहिला तर पुढे भिंती, छप्पर, दार सगळंच तिरकं. भिंती आणि छप्पर मग पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पत्र्याची घेणारा मी मूर्ख होतो, असं मात्र म्हणणार नाही. त्याला घाई होती. आतून थर्माकोल लावून झरोके ठेवले असते तर पत्र्यातही भागलं असतं, असं तो आजही म्हणेल, आणि त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. रंध्याच्या पात्यावर इथेही कधी कधी पुसट गंज दिसतो. बहिणीनं नव्या शेडमध्ये काही ठेवायला दिलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

राहिलं दार. हो, पावसाळ्यात अडकतं. फळ्या रुंदीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि दाराच्या फळ्या उभ्या आहेत. ‘कड तासून टाक’ हा सल्ला रोज मिळतो. भर पावसात तासली तर उन्हाळ्यात तिथे बोटभर फट पडेल, ती तुम्ही बुजवायला येणार का?