नायकाला सोबती कोण देऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोकेमॉन म्हणजे त्याच नावाच्या गेम आणि मालिकेतले, पकडून सोबती करायचे आणि लढवायचे प्राणी; त्यांच्यावर चाहत्यानं लिहिलेली कथा ती फॅनफिक. ‘गोव्यात घडणारी पोकेमॉन फॅनफिक लिहायची आहे, नायकाला सोबती कोण देऊ?’ असं विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं: चारिझार्ड, लुकारिओ, नाहीतर शायनी (दुर्मिळ रंगाची) इव्ही. तिन्ही लिहिणाऱ्याच्या आवडीचे. नायकाच्या वाट्याला ते का यावेत, याचा विचार मात्र झालेला नसतो. सोबती किती लढती जिंकून देईल हे मागाहून बघा. आधी तो नायकाची काय काय अडचण करेल ते लिहून काढा. अडचण सापडली नाही तर तो पोकेमॉन कितीही देखणा असो, सोडून द्या.

चारमँडर घ्या. उंची ०.६ मीटर, वजन ८.५ किलो, म्हणजे कडेवर सहज मावणारा. त्याच्या शेपटीवरची ज्योत विझली तर जीवही जातो, असं पोकेडेक्स (गेममधली पोकेमॉनची माहितीवही) सांगतं. गेममध्ये पाऊस सुरू असला की आगीच्या मूव्हची (डावाची) ताकद निम्मी होते आणि पाण्याच्या मूव्हची दीडपट. आणि तुमची कथा घडतेय गोव्यात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मग प्रत्येक प्रसंगाला कोरडी जागा शोधणं आलं: फेरीबोटीचं छप्पर, देवळाची अग्रशाळा (उतरायची जागा), कुणाचा तरी बाल्कांव (घरापुढचा बसायचा ओटा). हे शेवटपर्यंत सांभाळलंत तर चारमँडरसारखा सोबती नाही. पण होतं काय, पहिल्या प्रकरणात छत्री असते, तिसऱ्यात ती विसरली जाते आणि पाचव्यात भर पावसात खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) बांधावर चारमँडर लढत उभा असतो. वाचक लगेच पकडतात.

गोव्यासाठी माझी पहिली पसंती क्रॅबी, खेकड्यासारखा पोकेमॉन. दिसायला काही खास नाही, म्हणूनच त्याला कुणी घेत नाही. ०.४ मीटर, ६.५ किलो, किनाऱ्यावर वाळूत बीळ करून राहणारा, नांगी तुटली तर नवी येते. नायिका रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्याच्या, घरची असू द्या. क्रॅबी जाळ्यात मासळीबरोबर येतो आणि जाळं कापतो. झाली पहिल्याच दिवशी घरात भांडणाची सोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर रापण, गळ अशी पारंपरिक मासेमारी चालते. कथा त्या दिवसांत सुरू केलीत तर एका फाटलेल्या जाळ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

इथे एक गोष्ट पहिल्या प्रकरणातच निकालात काढा. या घरात कुर्ल्यांचं शेकशेक (खोबऱ्याचं कालवण) होतं की नाही? म्हणजे तुमच्या जगात पोकेमॉनखेरीज साधी जनावरं, साधी मासळी आहे का? गोमंतकीय वाचक हे विचारल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही उत्तरं चालतात, पण चौथ्या प्रकरणात बदललेलं उत्तर चालत नाही.

आता हिशेब. लढती जिंकत पोकेमॉनची लेव्हल वाढते आणि ठरावीक लेव्हलला त्याचं रूपांतर होतं. क्रॅबीचा किंगलर होतो लेव्हल २८ ला. सोबती लेव्हल ५ चा धरला आणि प्रकरणामागे दीड लेव्हल वाढवली, तर २८ येते सोळाव्या प्रकरणाच्या सुमारास. चोवीस प्रकरणांची कथा असेल तर दोन तृतीयांशावर, अगदी हवी तिथे. हाच हिशेब कॅटरपीला लावा: ७ ला मेटापॉड, १० ला बटरफ्री. चौथ्या प्रकरणात सगळं संपलं. ड्रॅटिनीचं पहिलं रूपांतर ३० ला आणि दुसरं ५५ ला, म्हणजे ड्रॅगोनाइट तेहेतीस-चौतीस प्रकरणांशिवाय दिसणार नाही. मग लिहिणारा घाई करतो आणि एका लढतीत दहा लेव्हल चढवतो. मॅजिकार्पची लेव्हल २० बरोबर अकराव्या प्रकरणाच्या आत बसते, पण त्यानंतरचा ग्याराडॉस साडेसहा मीटर लांब आणि २३५ किलोचा. तो रात्री कुठे राहणार? देवळाच्या तळीत?

किंगलर १.३ मीटर आणि ६० किलो. नांगी एवढी मोठी की नेम धरायला त्रास. वाढ झाली आणि सोबती जास्त अवघड झाला, हे मला फार आवडतं. अजून एक पेच: गेमच्या कुठल्या पिढीचे नियम पाळणार ते आधी ठरवा. किंगलरचा अॅटॅक (अंगाच्या माराची ताकद) १३० आणि स्पेशल अॅटॅक (दुरून केलेल्या माऱ्याची ताकद) फक्त ५०. २००६ च्या डायमंड आणि पर्लच्या आधी पाण्याच्या सगळ्या मूव्ह स्पेशल धरल्या जात, म्हणजे त्याची क्रॅबहॅमर ही पाण्याची मूव्ह नांगीची असूनही पोकळ होती. जुने नियम घेतलेत तर तो बहुतेक लढतींत अपेक्षेइतका झोडपणार नाही.

वजनाकडे लक्ष द्याच. दगडाचा जिओड्यूड २० किलोचा, मोटरसायकल पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) मागे मांडीवर घेऊन बसता येईल. लेव्हल २५ ला त्याचा ग्रॅव्हेलर होतो, १०५ किलोचा. पायलट नाही म्हणणार. ‘बॉलमध्ये (पोकेमॉन ठेवायच्या चेंडूत) घालू’ हे उत्तर सोपं आहे, पण बॉलमध्ये गेलेला सोबती पानावरूनही जातो. मूळ मालिकेत पिकाचू बॉलमध्ये जात नाही, त्यामुळे तो प्रत्येक प्रसंगात हजर असतो. ६ किलोचा असल्यामुळे खांद्यावर चढतो, हेही तितकंच महत्त्वाचं. ग्रॅव्हेलरचा गोलेम मात्र अदलाबदल केल्याशिवाय होत नाही. आपला सोबती क्षणभर का होईना दुसऱ्याच्या हाती द्यायचा, तर कोणाच्या? एवढ्या एका प्रश्नावर दोन प्रकरणं निघतात.

अॅब्रा टाळा. दिवसाला अठरा तास झोपतो, हे गमतीचं आहे. पण त्याला टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे जाणं) येतं, आणि टेलिपोर्ट आलं की रायबंदर–चोडण फेरी, मांडवी, वाटेतली माणसं, सगळं कथेतून गळतं. इव्हीबद्दल एवढंच: आठ रूपांतरं आहेत, वाचक तुमच्या नायकाविषयी न बोलता नववं प्रकरण येईस्तोवर त्यावरच पैजा लावतात.

सोबत्याला बोलकं करू नका, आणि दर ओळीत स्वतःचं नावही ओरडायला लावू नका. एका प्रकरणात एकदा पुरे. बाकी काम नांगी, कान, पाठ फिरवणं यांच्याकडून करून घ्या. निवड पक्की करण्यापूर्वी लढत नसलेला तीनशे शब्दांचा एक प्रसंग लिहून बघा: जेवणाची वेळ, घरात मोठी माणसं. सोबती काढून टाकला आणि प्रसंग तसाच उभा राहिला, तर सोबती बदला.

पोकेमॉनचं गोव्याचं खास रूप काढायचा मोह प्रत्येकाला होतो. काढा, पण कारण आधी. २०१६ च्या सन आणि मून गेममधल्या अलोला बेटांवर उंदरासारखे रॅटाटा फार माजले म्हणून यंगूस बाहेरून आणले, त्यांना टाळायला रॅटाटा निशाचर झाले आणि रंगही काळपट झाला. गेममधल्याच पाल्डिया प्रदेशातला वूपर पाण्यातल्या हद्दीच्या भांडणात हरून जमिनीवर आला आणि पाण्याऐवजी विषाचा टाइप घेऊन बसला. खाजनातला वूपर करायचा असेल तर मानशीतून (बांधातल्या झडपेतून) भरतीचं खारं पाणी कधी आत येतं, ते खारं पाणी सोसणारं कोरगूट भात कधी लावतात, वूपर कुठल्या महिन्यात बांधाच्या कुठल्या बाजूला असतो, हे आधी कागदावर उतरवा. टाइप, सवय आणि रंग त्यातूनच काढा, आणि बदल एकाच टाइपचा ठेवा. तेवढं जमत नसेल तर साधा क्रॅबी घ्या आणि पहिल्या प्रकरणात जाळं कापू द्या.