सगळे प्रोसेसर १०० टक्के, तरी रन रखडलेला

गाडीच्या धडकेचं सिम्युलेशन ६४ प्रोसेसरांवर चालत होतं, पण फार हळू. टॉपमध्ये (कुठली प्रोसेस किती सीपीयू वापरते ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ६४च्या ६४ प्रोसेस १०० टक्क्यांवर होत्या, त्यामुळे लोड बॅलन्सचा, म्हणजे काम असमान वाटलं गेल्याचा, संशय मला बराच उशिरा आला. एमपीआयमध्ये (प्रोसेस एकमेकींना निरोप पाठवतात त्या व्यवस्थेत) नुसती वाट बघणारी प्रोसेससुद्धा ‘निरोप आला का, आला का’ म्हणून सतत तपासत राहते आणि सीपीयू भरलेला दाखवते. त्या आकड्यावर विसंबणं म्हणजे निव्वळ फसगत.

मॉडेल होतं गाडीच्या भिंतीवरच्या समोरासमोर धडकेचं. २४ लाख एलिमेंट (गाडीचे गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे), म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला ३७,५००. वाटणी कागदावर चोख! प्रोफाइल, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ जातो याचा हिशेब, काढलं तेव्हा उलगडा झाला. एलिमेंटचं गणित सगळ्यांचं साधारण २१ मिलिसेकंदांत उरकत होतं, पण आठ प्रोसेसरांच्या डोक्यावर कॉन्टॅक्टचे, म्हणजे कुठले भाग एकमेकांना टेकतात ते तपासण्याचे, आणखी २५ मिलिसेकंद होते. अशा एक्स्प्लिसिट रनमध्ये, म्हणजे वेळेची छोटी छोटी पावलं (टाइमस्टेप) टाकत जाणाऱ्या गणितात, पुढच्या टाइमस्टेपला कुणी एकटं जाऊ शकत नाही. त्यामुळे स्टेप ४६ मिलिसेकंदांची, आणि बाकीचे ५६ अर्ध्याहून जास्त वेळ रिकामे.

आठच का? सॉल्व्हर (हे गणित करणारं सॉफ्टवेअर) काम वाटताना मॉडेलची सर्वांत लांब बाजू निम्मी कापतो, मग प्रत्येक तुकड्याचं पुन्हा तेच. गाडी ४.५ मीटर लांब, १.८ रुंद, १.५ उंच. ६४ तुकड्यांसाठी काप पडले लांबीत तीन, रुंदीत दोन, उंचीत एक. म्हणजे लांबीचे आठ थर, थरामागे आठ प्रोसेसर. चुरगळतो तो मुख्यतः पहिला थर, म्हणून कॉन्टॅक्टचं काम त्याच आठांवर.

यावर इलाज असा की फक्त वाटणीपुरती रुंदी फुगवून सांगायची, म्हणजे काप उभे, बंपरपासून डिकीपर्यंत जातात. आधी हजारपट केली. सरासरी २८ मिलिमीटरच्या ६४ पट्ट्या झाल्या, कॉन्टॅक्ट छान विभागला, पण शेजारी पट्ट्यांमधले सामाईक नोड (एलिमेंटचे कोपऱ्याचे बिंदू) इतके वाढले की देवाणघेवाणीतच वेळ जाऊन स्टेप ३३वर अडकली. मग तीसपट केली. रुंदीत ३२ पट्ट्या आणि लांबीत एकच काप. पुढचं काम ३२ जणांत वाटलं जाऊन स्टेप २७वर आली. दीड लाख स्टेपना पाऊण तासाहून थोडा जास्तच वाचला.

पण वाटणी बदलली की बलांच्या बेरजेचा क्रम बदलतो. राउंड-ऑफमधला (शेवटचे दशांश अंक गाळल्याने येणारा) तेवढा फरकही पुढच्या रेलची (गाडीच्या नाकातल्या लांब तुळईची) घडी दुसऱ्या बाजूला वळवायला पुरतो. डिझाइनचे आधीचे तीन पर्याय जुन्या वाटणीवर चाललेले होते, म्हणून तुलना करता यावी यासाठी तेही नव्याने चालवावे लागले.