बुडणारी वाटी

घंगाळातलं पाणी गाळून घ्यायचं, हा पहिला नियम. त्यात सोवळ्याचा भाग होताच, पण मोठं कारण होतं ते भोक. घटिकापात्र म्हणजे लग्नाचा मुहूर्त साधायला वेळ मोजायची तांब्याची वाटी. बुडाशी सुईच्या अग्राएवढं छिद्र. त्यात कचऱ्याचा एक कण अडकला की लग्न लांबलं.

‘धर्मसिंधू’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथात वाटीचं मापही दिलेलं आहे: सहा अंगुळं उंच, बारा अंगुळं, म्हणजे वीतभर, रुंद. सूर्यबिंब अर्धं वर आलं की पूजा करून ती पाण्यात सोडायची. भोकातून पाणी चढत जातं, 24 मिनिटांनी वाटी डुबुककन तळाशी. झाली एक घटका. लगेच काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची, आणि मोजणीसाठी कुंकवाचं एक बोट ओढायचं. या काढण्या-सोडण्यात कुणी गप्पांत रमलं, तर तेवढा वेळ हिशेबातून गळालाच.

खरं कसब भोकाचं. आधी मुद्दाम बारीक पाडायचं, मग बुडायला लागणारा वेळ बघत बघत रुंदवायचं. हात जड पडला तर ठोकून कड पुन्हा आवळायची. वर्षानुवर्षं चिंचेनं लखलखीत घासली की भोक झिजतं आणि घटका आखूड होते. उलट थंडीतलं पाणी जरा दाट, तेव्हा वाटी रेंगाळते. घंगाळ ऐसपैस हवं. वाटी काठाला टेकून कलली तर भरण्याआधीच बुडते.

गणिती भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिचा मोती या भोकात अडकला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा अकबराच्या दरबारातला कवी फैजी यानं 1587 साली केलेल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या फारसी भाषांतरात येते. कथा खरी असो-नसो, बिघाड खरा आहे. मात्र भोक पूर्ण बुजलं तर वाटी नुसती तरंगत राहते, ते कुणाच्याही लक्षात येईल. अर्धवट बुजलेलं भोक जास्त घातकी. वाटी बुडते, फक्त उशिरा.

सूर्योदयापासून सहा तासांत वाटी पंधरा वेळा बुडते. दर खेपेला अर्धा मिनिट चुकला, तरी साडेसात मिनिटं गेली. पत्रिकेवर 12 वाजून 37 मिनिटं असा मुहूर्त छापतात, ती मिनिटं वाटीच्या आवाक्यातली नव्हेत. हल्ली कुठे वाटी मांडलीच, तर ती पूजेपुरती. अंतरपाट दूर करायची वेळ गुरुजी मोबाइलवर बघतात. बरंच करतात.