चटई, फॉइल आणि काळं कापड : ट्रॅव्हलरच्या काचा आम्ही अशा झाकल्या

"काळी फिल्म मारून टाका ना, तासाभराचं काम!" जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये मागे पलंग आणि छोटा ओटा बसवला, तेव्हापासून जळगावात जो भेटेल तो आम्हाला हाच सल्ला देत होता. पण काचेवर काळी फिल्म चिकटवायला सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच मनाई केली आहे. काच मुळातच किती पारदर्शक हवी, तेही नियमात आहे : पुढची-मागची किमान ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के. म्हणजे झाकायचं ते गाडी उभी असताना, आणि निघताना सगळं काढून ठेवायचं. तयार झाकणांच्या किमती बघून मिस्टरांनी मोबाईलच उलटा ठेवला.

मला ही झाकणं हवी होती ती मुख्यतः आम्हा बायकांसाठी. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की गाडीच्या चहूबाजूंनी माणसंच माणसं. सासूबाईंना लुगडं बदलायचं तर मी आणि नणंद चादर धरून उभ्या!

साधे पडदे स्वस्त पडतात, पण कडेने फट राहते. आत दिवा लागला की त्या फटीतून बाहेरच्याला सगळं दिसतं. म्हणून खिडकीच्या चौकटीत दाबून बसेल असं कडक झाकण करायचं ठरवलं. पुठ्ठा दमटपणाने वाकतो, प्लायवूड जड. घरात प्लॅस्टिकची चटई पडून होती. चटयांचे कारखाने आमच्या एमआयडीसीतच, त्यामुळे जळगावात चटई नाही असं घर विरळाच. हलकी, धुता येते, आणि वाकवली तरी परत सरळ होते. आणखी काय पाहिजे?

मापं टेपने घेतलीच नाहीत. खिडकीवर वर्तमानपत्र धरलं, चौकटीच्या कडेवरून नखाने घडी पाडली आणि त्या घडीच्या बाहेर अर्धा सेंटीमीटर सोडून कापलं. हा अर्धा सेंटीमीटरच झाकणाला धरून ठेवतो. चटई कापली की तिच्या काड्या सुटायला लागतात, त्यामुळे कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरझर फिरवायची. प्लॅस्टिक जरासं वितळून काड्या एकमेकींना चिकटतात. हे अंगणात करावं, धूर वाईट असतो.

चटईच्या एका बाजूला बुडबुड्यांचं चंदेरी फॉइल, दुसऱ्या बाजूला फुले मार्केटमधून आणलेलं जाड काळं सुती कापड, आणि भोवती गोट. मशीनला १८ नंबरची सुई लावली. फॉइल मशीनच्या पायाला चिकटून सरकेना, तेव्हा वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवलं आणि नंतर पट्टी फाडून काढली. नणंद शेजारी बसून चटई ओढून धरत होती. हे काम एकटीचं नव्हे.

दोन बाजू वेगळ्या ठेवल्याचा फायदा मोठा. दिवसा चंदेरी बाजू बाहेर, म्हणजे ऊन परततं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा गाडीत हात लावून फरक कळतो. रात्री काळी बाजू बाहेर, म्हणजे लांबून नुसती काळी काच वाटते. चंदेरी फॉइल तर आत कोणीतरी झोपलंय हे गावभर सांगतं. मागच्या तिरक्या खिडक्यांचं झाकण उलटलं की त्याच खिडकीत बसत नाही, पण गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच खिडकीत चपखल बसतं. रात्री ती दोन्ही अदलाबदल करायची.

चिकटपट्टीचं वेल्क्रो आणि रबरी व्हॅक्यूम हुक यांच्या नादी लागू नका. खानदेशी उन्हात गोंद पाघळतो, हुक दुपारीच गळून पडतात.

पुढच्या भल्यामोठ्या काचेला हातच लावला नाही. ड्रायव्हरच्या सीटमागे घरातल्या पडद्याची स्प्रिंग ताणून जुनी सोलापुरी चादर दुमडून टाकली. गाडी चालू करण्याआधी ती बाजूला बांधायची, नाहीतर आरशात मागचं दिसत नाही.

सगळं झाल्यावर अंधारात आतले दिवे लावून गाडीभोवती फेरी मारली. शेजारच्या माय आल्या, काचेला नाक लावून म्हणाल्या, "काहीच दिसत नही व माय! कितला पैसा लाग्यात?" चटई घरचीच, त्यामुळे फॉइल, कापड, गोट, स्प्रिंग मिळून दीड हजाराच्या आतच भागलं.

झोपताना एक सरकती काच बोटभर उघडी ठेवतो, तिथे झाकणाऐवजी मच्छरदाणीचा तुकडा आणि वरून ओढणी. सगळं बंद करून आत गॅस मात्र कधीच पेटवत नाही. सकाळी झाकणं काढून गादीखाली सपाट सरकवली की गाडी निघायला मोकळी.