बर्नर ठीक होता, मग ज्योत नारिंगी का?

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेल्या क्षारात काय आहे ते ओळखण्याचा प्रयोग, करणारी एक मुलगी म्हणाली, "सर, माझा बर्नर बिघडलाय." जाऊन बघतो तर दाराकडच्या सगळ्याच बर्नरच्या ज्योती नारिंगी. हवेची छिद्रं मात्र पूर्ण उघडी.

लॅबमधले काका म्हणाले, "सिलिंडर बदलू का?" शंका रास्त होती. पण हवा कमी पडली की ज्योत लुळी पडते, उंच होऊन हलत राहते. इथे ती ताठ होती, आतला निळा शंकू टोकदार होता आणि फुरफुर आवाजही नेहमीचाच. मी चिनी मातीची बशी ज्योतीवर धरली. पांढरीच राहिली. मग छिद्र बंद करून तीच बशी पुन्हा धरली, तर बघता बघता बुडाला काळाकुट्ट थर बसला. हवा कमी असताना ज्योत पिवळी दिसते ती कार्बनचे बारीक कण तापून चमकतात म्हणून, आणि बशीवर बसते ती त्याच कणांची काजळी. काजळी नाही म्हणजे गॅस नीट जळतोय, रंग बाहेरून येतोय.

बाहेर पॅसेजमध्ये भिंतीची पुट्टी घासत होते! परीक्षेच्या दिवशी हे काम काढायलाच नको होतं. दारातून येणारी ती पांढरी धूळ बर्नर हवेबरोबर ओढून घेत होता. पुट्टीत ज्योतीला नारिंगी-लाल करणारं कॅल्शियम भरपूर, आणि पिवळा रंग देणारं सोडियम तर कुठल्याही धुळीत थोडंफार असतंच. निळ्या शंकूच्या टोकाच्या जरा वर ज्योत सर्वांत गरम, साधारण 1500 अंश सेल्सिअस. तिथे एवढीशी धूळही रंग दाखवते.

ज्योतीची ही ताकद बुन्सेन आणि किर्खहोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 मध्येच दाखवली होती. खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात त्यांनी फक्त 3 मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा स्फोट केला, आणि काही मिनिटांत लांबच्या ज्योतीत सोडियमची पिवळी रेषा उमटली. मला हा प्रयोग फार आवडतो. मुलांना मी तो दरवर्षी सांगतो, पण वर्गात ते ऐकणं वेगळं आणि नारिंगी ज्योतींच्या रांगेसमोर उभं राहणं वेगळं.

घासकाम थांबवलं, दार लावून घेतलं, एक्झॉस्ट पंखा चालू केला. ज्योती हळूहळू निळ्या झाल्या. या गोंधळात गेलेला वेळ सगळ्या बॅचला वाढवून दिला. त्या मुलीने निक्रोमची तार आम्लात बुडवून, तापवून पुन्हा साफ केली आणि क्षाराची पेस्ट लावून ज्योतीच्या कडेला धरली. आधी नारिंगीत बुडालेला फिकट पोपटी रंग आता स्वच्छ दिसला. तिने बेरियम लिहिलं, आणि पुढे पोटॅशियम क्रोमेट घातल्यावर टेस्ट ट्यूबमध्ये पिवळा साकाही आला.