जेलच्या खाचेत अडकलेले कवच

रंगवलेले जेल (प्रथिने आकारमानानुसार वेगळी करणारा मऊ थर; लहान प्रथिने त्यात खाली सरकतात, मोठी वरच राहतात) धुऊन काढले, तेव्हा माझा एमएस्सीचा विद्यार्थी पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, शेवटच्या नमुन्यातले प्रथिन सगळे गेले." भर आषाढ, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून पहिल्या बसने आलेला; त्यामुळे त्याची निराशा मी समजू शकत होते.

आमचे काम एचके९७ या विषाणूच्या कवचावर चालले होते. हाँगकाँगमध्ये सापडलेला हा विषाणू ई. कोलाय जीवाणूवर वाढतो. एकाच प्रथिनाच्या ४२० प्रती एकत्र येऊन त्याचे आधी गोलसर, जाड भिंतीचे कवच बनते (पूर्ण विषाणूत प्रती थोड्या कमी असतात, कारण एका कोपऱ्यावर डीएनए आत घेण्याचे द्वार असते). मग विषाणूचेच प्रोटिएज (प्रथिने कापणारे एन्झाइम) प्रत्येक प्रतीची सुरुवातीची शंभरेक अमिनो आम्ले छाटते आणि ४२ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) प्रथिन ३१ किलोडाल्टनचे होते. त्यानंतर डीएनए आत भरू लागला की कवच फुगते, त्याचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटरवरून ६५ च्या आसपास जातो, भिंत पातळ होते आणि वीस पैलू उठून दिसू लागतात. डीएनए नसतानाही आम्लाने हे फुगणे घडवता येते. आम्ही छाटणी झालेली रिकामी कवचे पीएच ४ च्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवून टप्प्याटप्प्याने नमुने काढले होते, आणि शेवटचा नमुना आम्ल उदासीन करून बराच वेळ ठेवल्यानंतरचा होता.

जेलवर पहिल्या रांगेत ३१ किलोडाल्टनचा एकच ठसठशीत पट्टा होता. पुढच्या रांगांत तो फिकट होत गेला आणि वर जड पट्ट्यांची शिडी उभी राहिली. शेवटची रांग जवळजवळ कोरी. मी जेल उजेडावर धरले आणि नमुना भरायच्या खाचेच्या काठाशी साचलेली बारीक निळी रेघ त्याला दाखवली. "गेले नाही रे, ते आत शिरलेच नाही."

फुगण्याआधी एका प्रतीतील १६९ क्रमांकाचे लायसिन हे अमिनो आम्ल आणि शेजारच्या प्रतीतील ३५६ क्रमांकाचे ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल एकमेकांपासून दूर असतात. कवच फुगताना ती जवळ येतात आणि वेगळ्या एन्झाइमाची मदत न घेता सहसंयुज बंधाने (उकळूनही न तुटणाऱ्या पक्क्या रासायनिक बंधाने) जोडली जातात. म्हणून जेलवर जड पट्टे दिसतात, आणि सगळ्या प्रती जोडल्या गेल्या की प्रथिन जेलमध्ये शिरत नाही.

त्याने मात्र लगेच अडवले. "पण मॅडम, या बंधांनी पाच किंवा सहा प्रतींचीच कडी बनतात ना? सहाचे कडे १८६ किलोडाल्टनचे. ते जेलमध्ये जायलाच हवे." प्रश्न नेमका होता, आणि या विषाणूची खरी गंमतही त्यातच आहे. ही कडी सुटी नसतात. शेजारची कडी चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकांत ओवलेली असतात, म्हणून जेलवर घालण्याआधी एसडीएसमध्ये (प्रथिने उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये) उकळले तरी कवच उलगडत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्फटिक-रचनेत ही गुंफण प्रत्यक्ष दिसली.

तरीही खाचेतल्या रेघेवर विसंबून निष्कर्ष लिहू नये, असे मी त्याला बजावले, कारण नुसता गोळा झालेला साका तिथेच अडकतो. म्हणून आता लायसिन १६९ च्या जागी टायरोसिन हे दुसरे अमिनो आम्ल असलेले कवच त्याच आम्लात ठेवायचे ठरले आहे: ते फुगते, पण बंध जुळत नाहीत, त्यामुळे उकळल्यावर त्याचा ३१ किलोडाल्टनचा पट्टा शेवटच्या रांगेतही तसाच दिसायला हवा.